भिंतीवरचा डाग

थोरलीच्या डोळ्यांसमोर कधी काही उभंच राहत नसे. डोळे मिटले की अंधार, बस्स. सफरचंद आठव म्हटलं तर तिला सफरचंदाविषयी सगळं आठवे, फक्त सफरचंद तेवढं दिसत नसे. लोक ‘डोळ्यांसमोर आलं’ म्हणतात ती नुसती बोलायची रीत, असंच ती निम्मं आयुष्य समजत होती. धाकटीचं नेमकं उलटं. शब्द कानावर पडायचा अवकाश, चित्र तयार! लहानपणी थोरली दुधाच्या पेल्याकडे बघून सहज म्हणायची, “यात पाल पडली होती,” आणि धाकटी ओकारी काढत पळायची. पेला आयताच थोरलीला मिळायचा. एका आईच्या पोटी या दोन तऱ्हा.

थोरली रंगाच्या दुकानात रंग मिसळून देई. छटेचा नंबर सांगा, डबा घ्या. “भिंतीवर कसा दिसेल हो?” असं गिऱ्हाइकानं विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, “लावून बघा.” मालक कपाळाला हात लावी.

त्या सकाळी एक रंगारी आला. एका खोलीचं घाईचं काम होतं, संध्याकाळच्या आत उरकायचं.

“एका जागी तेलकट डाग आहे. म्हातारं माणूस डोकं टेकून बसायचं म्हणे. रंगातून वर तर नाही ना येणार?”

“नीट घासून घ्या आणि आधी हा प्रायमर लावा,” थोरली म्हणाली. “सात जन्मांत वर येणार नाही.”

दुसऱ्या कुणाला तिथल्या तिथे आपल्या घरची भिंत दिसली असती. हिला कुठली दिसायला? तिने पांढऱ्याचा डबा घुसळून दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

संध्याकाळी दार उघडलं आणि दुकानाचाच वास घरातून अंगावर आला. आईच्या खोलीत कॉट मधोमध ओढलेली होती. भिंत पांढरीफटक. चार दिवस राहायला आलेली धाकटी खिडकी उघडत होती.

डाग गेला होता. आई गेल्यापासून थोरली कामावरून आली की त्या डागासमोर बसत असे. फोटो होते, पण त्यांत आई फोटोवाल्यानं दटावल्यासारखी ताठ. डाग मात्र आईनं स्वतः काढलेला, वर्षानुवर्षं तेलकट डोकं टेकून टेकून. त्याच्याकडे बघितलं की आई किती उंच बसायची ते कळे आणि तिचं बोलणं आपोआप आठवू लागे. आईचं म्हणून तिच्याकडे तेवढंच उरलं होतं, आणि ते पुसायचं औषध तिनं आपल्या हातानं दिलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

“कुणाला विचारून केलंस?”

“विचारायचं काय त्यात? माझीपण आई होती ती. खोलीत पाऊल टाकलं की तो डाग, आणि डागाखाली ती खोकत बसलेली. मला झोप नाही, ताई.”

“मग येऊ नकोस या घरात.”

“तुला काय फरक पडतो गं? तुला थोडंच काही दिसतं! आईचा चेहरासुद्धा डोळ्यांपुढे येत नाही, तूच म्हणालीस ना? ती गेली तेव्हा एक टिपूस काढलं नाहीस. दगड आहेस दगड!”

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकटीचं चालूच होतं. “मी मोठ्या मुश्किलीनं दुसरी आई डोळ्यांपुढे आणलीये. जिन्यात केस वाळवत बसलेली, हसणारी. झोपेत गेली तेव्हापण तशीच हसत असेल. तेवढीच मला हवी.”

झोपेत गेली, हे फोनवर थोरलीनंच सांगितलं होतं. धाकटी तेव्हा परगावी होती. खरं सांगितलं तर तिचं काय होईल हे ठाऊक होतं, म्हणून थोरलीनं ते गिळून टाकलं होतं. धाकटीवर तिनं केलेली ती एकच माया. आता तिला दुधाचा पेला आठवला.

“झोपेत नाही गेली.”

“ताई, नको.”

“कॉटवरून पडली होती. मी दुकानात होते. आले तर ती इथं, या भिंतीला गाल लावून. डोळे उघडे. तोंड वाकडं झालेलं, ओठाच्या कोपऱ्यात फेस वाळलेला. एक हात दाराकडे.”

धाकटीनं कान झाकले, पण उशीर झाला होता. तिची नजर भिंतीवरून खाली सरकली, जमिनीवरून दाराकडे गेली, परत फिरली आणि एका जागी खिळली. ती रडत खाली बसली.

थोरलीला बोलताना काहीच दिसलं नव्हतं. आईला त्या अवस्थेत बघितलं होतं तिनंच, तरी तिच्याजवळ नुसते शब्द होते. धाकटी मात्र आईकडेच बघत होती. थोरलीचा राग कुठल्या कुठे गेला. ती गुडघ्यांवर बसली आणि तिनं धाकटीचा दंड धरला.

“कशी दिसतेय गं? चेहरा कसा आहे तिचा? माझ्यावर चिडलीये का?”

धाकटीनं मान वर केली. तिचं रडणं थांबलं होतं.

“दिसतेय,” ती म्हणाली. “अगदी स्पष्ट दिसतेय. पण तुला नाही सांगणार.”

तिनं दंड सोडवून घेतला, उठून बॅग उचलली आणि भिंतीलगतच्या त्या रिकाम्या जमिनीला वळसा घालून ती दाराबाहेर पडली.