पाच फुटांची दांडी

गोवर्धन माळ्याला हात आवरता यायचे, पाय आवरता यायचे, पण जीभ कधी आवरता आली नाही. सगळा घोळ तिथंच झाला.

बाजारात वांगी-मेथी संपली की संध्याकाळी तो जठारपेठेमागच्या मोकळ्या जागेत पोरांना हुतूतू शिकवायचा. फुकट. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. त्याचा कायदा एकच. त्यानं "ताठ!" म्हटलं की पोरानं असेल तिथं छाती काढून उभं राहायचं, आणि तो "मोकळा" म्हणेस्तोवर हलायचं नाही. मग अंगावर मुंग्या चढोत की गोमाशी बसो.

अमरावतीच्या सामन्यांत पाच फुटांच्या आतल्या पोरांचा एक गट असे. दोन खांबांना आडवी दांडी बांधलेली. पोरगं तिच्याखाली उभं राहायचं. डोकं दांडीला लागलं की बाद, सरळ हिशेब. पण गोवर्धनचा सगळ्यात चपळ गडी चंद्रभान त्या वर्षी दोडक्याच्या वेलासारखा वाढला आणि अर्धं बोट वर गेला.

"राहू द्या त्याले औंदा," गोवर्धन पोरांचा संघ पाठवणाऱ्या मंडळाच्या चिटणिसांना, कमलाकांत वकिलांना म्हणाला. एवढ्यावर थांबावं की नाही? पण वर हसून बोलला, "आमा माळ्यायची उंची तं टोपल्यानंच खाल्ली, साहेब. वझं वाहून वाहून माहा बाप मरतेवेळी चार बोटं बुटका झाला होता!"

वकील हसले नाहीत. त्यांनी ते नीट ध्यानात ठेवलं.

सामन्याच्या आदल्या दिवशी "सामान न्यायला एक पोरगं लागतं" म्हणून वकील चंद्रभानला घेऊन पुढं गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी गोवर्धन बाकीची पोरं घेऊन बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला पोचला. मैदानावर येऊन पाहतो तर काय! मांडवामागं चंद्रभान गोल फेऱ्या मारतोय आणि डोक्यावर रेतीचं पोतं. मान खांद्यांत रुतलेली, ओठ पांढरे पडलेले. नाक वाहून ओठांवर आलेलं, पण पुसायला हात मोकळा नाही. आणि वकीलसाहेब खुर्चीत पान चघळत फेऱ्या मोजताहेत.

"हे काय करून राहिले तुमी?"

"तूच नाही का सांगितलंस, वझ्यानं उंची कमी होते?" वकील पिचकारी टाकून म्हणाले. "काल दुपारपासून चाललंय. आता दहाच फेऱ्या. जे उरेल ते गुडघ्यांत वाकून भागवायचं. चड्डी मुद्दाम ढगळ दिलीय."

गोवर्धनला त्या लाल थुंकीची शिसारी आली, त्या शहाण्या आवाजाची आली, आणि सगळ्यात जास्त आली ती स्वतःच्या जिभेची. त्यानं पोतं खेचून खाली टाकलं. चंद्रभानची मान मात्र वर येईना.

"दुखते काबे?"

"नाई, मास्तर." पोरगं धडधडीत खोटं बोललं. मग हळूच म्हणालं, "कप जितला का वकीलसाहेब मले हायस्कुलात घालनार हायेत. मायले सांगितलं त्यायनं."

गोवर्धननं जन्मात पहिल्यांदा जीभ आवरली, तीही नको तिथं.

चंद्रभानची पाळी आली. दांडीखाली तो उभा राहिला म्हणावं तरी कसं? गुडघे वाकलेले, पोट आत, मान गिळलेली. भरबाजारात धमकावलेल्या चोरासारखं पोरगं अंग चोरून उभं होतं. डोकं दांडीच्या खाली राहिलं. पंचांनी गुडघ्यांकडे पाहिलं, मग वकिलांकडे पाहिलं, आणि खुशाल आभाळाकडे पाहू लागले.

"लिहा पंचसाहेब, बसतो आत," वकील म्हणाले.

थू तुमच्या कपावर! हेच शिकवलं का आपण याला वर्षभर?

"ताठ!" गोवर्धन ओरडला.

चंद्रभानला विचार करायला वेळच नव्हता. अंगानं ऐकलं. गुडघे सरळ झाले, छाती पुढं आली, रुतलेली मान कळ सोसत वर आली आणि डोकं खाडकन दांडीवर आपटलं.

"बाद," पंच पुटपुटले.

"सत्यानाश केलास, गोवर्धन!" वकील किंचाळले. "आणि तू रे, हायस्कूल विसर आता! हो बाजूला!"

चंद्रभान हलला नाही. दांडी टाळूला टेकलेली, डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण पोरगं तसंच ताठ. पुढची पोरं रांगेत खोळंबली. कोणीतरी त्याचा दंड धरून ओढलं, तरी पाय जागचे सुटेनात.

"मास्तर," समोर पाहतच तो म्हणाला, "मोकळा म्हना ना."

गोवर्धननं तोंड उघडलं. इतकी वर्षं नको तिथं वळवळलेली ती जीभ टाळूला चिकटली होती, आणि तो एक शब्द काही केल्या फुटेना.