जुळणाऱ्या डिस्प्लेंची यादी

तिच्या टेबलावर तीन मोबाईल पोट उघडून पडले होते. कोणत्या मॉडेलचा डिस्प्ले कोणत्या मॉडेलला चालतो याची यादी ती बनवत असे, आणि तीनशे दुरुस्तीवाले ती डोळे झाकून वापरत. गेल्या वर्षी यादीतली एक खूण चुकली तेव्हा त्यातल्या कितीतरी जणांनी पाठ फिरवली होती. आता आणखी एक चूक झाली की यादीचा कारभारच आटोपला असता. आणि नवी यादी आज दुपारी छापायला जायची होती.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सासरे स्क्रू वेगळे करत होते. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला हा माणूस सासूबाई गेल्यापासून नुसता खिडकीशी बसून असे. त्यांचं मन रमावं म्हणून तिने हे स्क्रूंचं काम काढलं होतं.

एका मोबाईलची जोडणीच वेगळी निघाली, तो बाद झाला. उरलेल्या दोन्हींची काचेची मापं, पिना, पाठीमागचा पत्रा, सगळं तंतोतंत होतं. तिने जुन्या मॉडेलचा डिस्प्ले नव्याला जोडला. तो लख्ख उजळला. तिने बरोबरची खूण केली.

"आता मोबाईल मिटून बघ," सासरे म्हणाले.

"बाबा, लागला की! दिसतोय ना उजेड?"

"उघडं घड्याळ कुणाचंही चालतं गं. गिऱ्हाईक काय ते उघडंच मनगटावर बांधणार आहे?"

"तुम्हाला साधं 'हो' म्हणता येत नाही."

"तुझ्या सासूचीही हीच तक्रार होती."

तिला हसू आलं. त्यांचं मन मोडायला नको म्हणून तिने डिस्प्ले दाबून बसवला. उजेड होताच. सासऱ्यांनी घड्याळाच्या सवयीने मोबाईल कानाशी नेला आणि परत दिला. "उघड आता."

डिस्प्लेला आत जोडणाऱ्या पातळ पट्टीवर नखाने ओढल्यासारखी घडी पडली होती. नव्या मॉडेलची बॅटरी जाड होती. तिच्या कडेवरून वळसा घालण्याइतकी ही पट्टी लांबच नव्हती. आठ-दहा दिवस चालली असती, मग पडद्यावर रेघा उमटल्या असत्या.

तिने खूण खोडून फुली मारली.

"वाचवलंत हो बाबा."

"मी काय केलं? मिटलास तूच."

या वेळच्या एकवीस खुणा तिने मोबाईल न मिटताच केल्या होत्या. तिने छापखान्याला फोन करून दोन दिवस मागून घेतले. मग त्यातली पहिली जोडी सासऱ्यांसमोर सरकवली.

"हे तुम्ही मिटा."

"आणि माझं चुकलं तर?"

"तर बोलणी खाल."

सासरे खुर्ची पुढे ओढून ताठ बसले. "मग दिवा जवळ घे," ते म्हणाले.