कॅमेऱ्याचं टोपरं

शिवणवालीची सगळी अक्कल भिंतीला टोचलेली, असं तिचा नवरा म्हणायचा, आणि ते काही खोटं नव्हतं. कुणाचा मुंढा साडेसहा, कुणाची बाही नऊ, कुठल्या शाळेच्या गणवेशाला कुठला निळा, सगळं चिठ्ठ्यांवर आणि चिठ्ठ्या टाचणीनं भिंतीवर. डोकं विसरतं, टाचणी विसरत नाही, हे तिला काम शिकवणाऱ्या बाईंनी बोटांत भिनवलं होतं. खाली दुकान, वर राहायची एकच खोली. दुकानाची भिंत भरली की चिठ्ठ्या जिना चढायच्या आणि पाळण्यामागच्या भिंतीवर जाऊन बसायच्या.

पाळण्यात आठ महिन्यांची लेक. गोल, टपोरी, घेईल त्याला घट्ट चिकटून राहणारी, म्हणून आजीनं तिचं नाव पाडलं होतं बटणबाई.

नवरा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा. महिन्यातले वीस दिवस रस्ता, दहा दिवस घर. खाली मशीन सुरू असलं की वरचं रडणं ऐकू येत नाही, म्हणून त्यानंच एकदा कॅमेरा आणला. पांढरा, मुठीएवढा, घुबडासारखी मान फिरवणारा. कपाटावर बसवला. मोबाइलमध्ये पाळणा दिसायचा, मोबाइलमध्ये बोललं की खोलीत आवाज उमटायचा. तिघांच्या मोबाइलवर त्याचं ॲप घातलं: हिच्या, त्याच्या आणि दूरगावी एकटी राहणाऱ्या त्याच्या आईच्या. तिघांना एकच पासवर्ड. कॅमेऱ्याचं खातं आणि तो पासवर्ड शिवणवालीनं सुवाच्य अक्षरात चिठ्ठीवर लिहून ती पाळण्यामागच्या भिंतीला टोचली.

तेव्हापासून दुपार झाली की खाली मशीन धावायचं आणि वर कपाटावरून आजी गायची:

*नीज गं बटणबाई, काज तुझं मऊ मऊ,*
*ऊन दारी आलं, त्याला सांगू, आत नको येऊ.*

आजीच्या ओव्या कुठून यायच्या कोण जाणे. भाजी निवडता निवडता जुळायच्या, म्हणायची. बटणबाईला मात्र त्या आवाजाशिवाय डोळा लागत नसे, आणि तिचा डोळा लागला की खाली चार गणवेश हातावेगळे होत.

मग कॅमेऱ्याची मान वळू लागली.

शिवणवाली वर गेली की तो पाळण्याकडे बघत नसायचा. कधी दाराकडे, कधी पलंगाकडे, कधी ती लेकीला पाजायला बसायची त्या कोपऱ्याकडे. सासूबाई घर बघतात, तिच्या मनात आलं. पसारा मोजतात. मग खाली उतरण्याआधी चादर ओढून नीट करू लागली आणि लेकीला पाठमोरी बसून पाजू लागली.

तिकडे आजीचंही मन खट्टू झालं होतं. मोबाइल उघडावा तर नातीऐवजी दार. तिला वाटलं, सून मुद्दाम फिरवून ठेवते. तिनं लेकाला ऐकवलं, की म्हातारीचं तोंड नको असेल तर सरळ सांगावं, दार कशाला दाखवावं. लेक घाटात होता. त्यानं अर्धं ऐकलं, त्यातलं पाव बायकोला सांगितलं, आणि दोन्हीकडे अढी तेवढी बसली.

मधल्या काळात बटणबाई नवीन खेळ शिकली. जीभ टाळूला लावून, घोड्याला हाकारावं तसं, टक् टक् करायची. दोनदाच. मग मान वर करून थांबायची. आईला वाटलं, आजीनं शिकवलं. आजीला वाटलं, आईनं. अढी नसती, तर कुणीतरी कुणाला तरी विचारलं असतं.

त्या दिवशी दुपारी निळ्या दोऱ्याचं रीळ संपलं. दुसरं वर होतं. मशीन थांबवून, मोबाइल हातात घेऊन ती जिना चढली. अर्ध्यावर तिला ऐकू आलं, टक् टक्. लेक जागीच होती तर. लगेच दुसरं टक् टक् आलं. ते जड होतं, मोठ्या माणसाच्या तोंडचं. लेक खिदळली.

तिनं दार ढकललं. कॅमेरा पाळण्यावर वाकला होता.

"आई, झोपू द्या ना तिला," ती जरा तुटकपणे म्हणाली.

कॅमेऱ्यानं हळूच मान उचलली आणि तिच्याकडे वळवली. आणि तेवढ्यात तिच्या हातातला मोबाइल वाजला. सासूबाई होत्या.

"अगं, सकाळपासून वीज नाही इथे. मोबाइल मेलेला, आत्ता शेजारून चार्ज करून आणला. झोपली का गं बटण? आज गायचं राहूनच गेलं."

शिवणवाली होती तिथेच थबकली. कपाटावर तो काळा डोळा तिच्याकडे लागलेला होता आणि आजीचा आवाज कानापाशी विचारत होता, काय झालं, बोल ना.

"आई," ती कुजबुजली, "तुम्ही कॅमेरा फिरवता ना?"

"मी? मला ते फिरवता कुठे येतं? तूच फिरवतेस ना?"

नवराही नव्हता, हे तिला ठाऊक होतं. गाडी चालवताना तो मोबाइलला हात लावत नसे. तिनं लेकीला पाळण्यातून उचललं, आईच्या ओढीनं नाही, आगीतून काढावं तसं. दाराकडे निघाली तशी मान तिच्याबरोबर वळली. एक पाऊल, तेवढीच मान. दुसरं पाऊल, तेवढीच मान. जिन्यावर तिचा पाय दोनदा चुकला.

शेजारच्या गाळ्यात मोबाइल दुरुस्त करणारी बाई बसायची. पिकलेले केस, नाकावर भिंग, सगळी गल्ली तिला भिंगताई म्हणायची. शिवणवालीचा चेहरा पाहून तिनं हातातला पेचकस खाली ठेवला. काय झालं ते ऐकलं आणि तिला घेऊन वर गेली. आधी कॅमेऱ्याची वायर उपटली. मग शिवणवालीचा मोबाइल मागून घेतला आणि कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये कोण कोण येऊन बसलंय ती यादी उघडली.

"तुम्ही किती जण बघता?"

"तिघं."

"इथे चार आहेत."

चौथा मोबाइल एकोणीस दिवसांपूर्वी आत आला होता. भिंगताईनं त्या यादीचा आधी फोटो काढायला लावला, पोलिसांना दाखवायला, आणि मग चौथ्याला बाहेर काढलं. पासवर्ड कुठे ठेवतेस, तिनं विचारलं. शिवणवालीनं भिंतीकडे बोट दाखवलं. या खोलीत बाहेरचं कोण येतं? कुणीच नाही. गिऱ्हाईक खालीच.

"मग खोली बाहेर गेली का कधी? फोटोतून?"

शिवणवालीला आठवलं. वीस दिवसांपूर्वी बटणबाई पहिल्यांदा आधाराशिवाय बसली होती. पाळण्यात, दोन्ही मुठी वर करून. तो फोटो तिनं कौतुकानं दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला होता, जगात कुणालाही दिसेल असा. भिंगताईनं तो दोन बोटांनी मोठा केला. लेकीच्या डोक्यावरून भिंत जवळ येत गेली. मुंढा साडेसहा. बाही नऊ. आणि शेजारी, सुवाच्य अक्षरात, सगळं.

"अक्षर छान आहे हो तुझं," भिंगताई हळू म्हणाली. टोमणा नव्हता तो. "कुलूप लावलंस, पण किल्ली फोटोत धरलीस."

तिनं फोटो काढून टाकला. वायफायचा पासवर्ड बदलला, डब्यावर छापून आलेला तसाच होता. आता कुणी नवीन आत येऊ बघेल, तर आधी शिवणवालीच्या मोबाइलवर आकडे येतील, ते कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचे नाहीत, हे दोनदा बजावलं. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. माणूस कोण, कुठला, पाच घरं पलीकडचा की समुद्रापलीकडचा, ते कुणालाच सांगता येईना.

हेच शिवणवालीला खात राहिलं. एकोणीस दिवस. ती मनात एकेक दिवस उसवत बसायची. कोपऱ्यात पाजलं तो दिवस. रात्री एकटीच कूस पालटून रडली तो दिवस. नवरा घरी नाही, हे त्या माणसाला ठाऊक. कडी कुठली, हे ठाऊक. जिन्यावर नुसतं लाकूड वाजलं तरी कात्रीवरची बोटं आवळायची. नवरा पुढच्या मुक्कामावरून गाडी दुसऱ्याच्या हवाली करून परतला आणि दाराला दुसरी कडी बसवून गेला, तरी तिचे कान जिन्यावरच.

त्यातल्या त्यात एक गाठ सुटली. सासूबाईंनी फोनवर स्वतःहून कबुली दिली, की पोरी, मी मनातल्या मनात तुला बोल लावत होते. हीही म्हणाली, मीपण. त्या दिवशी दोघींपैकी कुणालाच आधी फोन ठेववेना.

कॅमेरा फेकूनच द्यायचा तिनं ठरवलं होतं. पण चार दिवस बटणबाई दुपारी डोळा मिटेना आणि चार दिवस मशीन बंद राहिलं. शेवटी तिनं उरलेल्या निळ्या कापडाचं एक टोपरं शिवलं, कॅमेऱ्याच्या मापाचं, पुढे झडप आणि झडपेला बटण. नियम ठरला. आजीनं आधी साधा फोन करायचा. मग शिवणवाली वर जाऊन झडप उघडणार, आणि गाणं संपलं की हातानं बंद करणार. झडप बंद असली तरी खोलीतला आवाज मोबाइलवर यायचा, खाली मशीनवर तिला तेवढा पुरे होता.

कॅमेऱ्याच्या नव्या पासवर्डसाठी आजीनं एक ओवी जुळवली, लांबलचक, आजवर कुणापुढे न गायलेली. फोनवर एकदा सांगितली, लेकालाही तशीच. ती कुठेही टोचली गेली नाही. शिवणवालीनं तीन दिवस टाके घालता घालता ती मनात घोकली.

पहिल्या दुपारी लेकीला पाळण्यात ठेवून ती सासूबाईंच्या फोनची वाट बघत उभी होती. भिंत मोकळी, टाचण्यांची भोकं तेवढी उरलेली. कपाटावर निळं टोपरं, बटण लावलेलं.

बटणबाईनं मान वर केली. टोपऱ्याकडे बघितलं.

टक् टक्, ती म्हणाली, आणि हसऱ्या तोंडानं थांबली.

शिवणवालीनं टोपऱ्याचं बटण चाचपून पाहिलं. लेक अजून थांबली होती. मुठी वर, डोळे त्या बटणावर. कपाटावरचं कुणीतरी ओळखीचं उत्तर देणार होतं तिला. ओठ हळूहळू रडवेले होऊ लागले.

आईनं पाळण्यावर वाकून आपल्या पाठीनं कपाट झाकलं. पहिल्यांदा जीभ टाळूला लागलीच नाही. मग लागली.

टक् टक्.

लेकीनं चमकून तिच्याकडे बघितलं.