चोवीस प्रश्न

गेल्या वर्षी शाळेत विशेष मुलांची सरकारी तपासणी झाली, तीत माझ्या मुलीनं चोवीसपैकी एकाही प्रश्नाला तोंड उघडलं नाही. तपासणीच्या मॅडम प्रत्येक ओळीपुढे 'येत नाही' लिहीत गेल्या आणि शेजारी बसलेली मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. घरी येता येता ठरवून टाकलं, पुढच्या वर्षी या बाईला दाखवूनच द्यायचं. हा शहाणपणा मला कुठून सुचला, देव जाणे.

मी कपडे आल्टर करते. कुणाची पँट आखूड कर, कुणाच्या कोटाचं अस्तर बदल. मुलगी बारा वर्षांची. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणतो. त्या प्रश्नांची एक प्रत मी मागून आणली होती. तीन महिने मशीन चालवता चालवता तिच्याकडून घोकून घेतले सगळे, ओळीनं. नाव काय, वय काय, हा रंग कोणता, चित्रातल्या घड्याळात किती वाजले, रस्ता कसा ओलांडायचा. गिऱ्हाइकं हसायची. माझ्या हातून दोन पँटी वाकड्या शिवल्या गेल्या, उसवून पुन्हा शिवल्या. पण पोरीला सगळं तोंडपाठ झालं.

आणि यंदा ती बोलली. घडाघडा, चोवीसच्या चोवीस. मी खुर्चीत जरा ऐसपैस बसले. वाटलं, आता लिही म्हणावं 'येत नाही'.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कमाल केलीत हो ताई! एका वर्षात एवढी प्रगती? आता हिला सोबतीच्या बाईंची गरज नाही. पुढच्या महिन्यापासून त्यांना दुसऱ्या शाळेत पाठवता येईल."

मी खुर्चीत एकदम पुढे सरकले.

सोबतीच्या बाई वर्गात दिवसभर भिंगरीच्या शेजारी बसतात आणि घंटा व्हायच्या आधी तिचं मनगट धरतात. घंटा ऐकली की ही पळत सुटते. कुठे, ते तिलाही ठाऊक नसतं. बाई मिळायच्या आधी एकदा फाटकातून निघून थेट ट्रकपुढे उभी राहिली होती. ड्रायव्हरनं वेळेवर ब्रेक दाबला म्हणून आज आहे. शाळेनं तेव्हाच बजावलं, बाई असतील तर मुलगी शाळेत, नाहीतर घरी. घरी म्हणजे दुकानाच्या मागच्या खोलीत, बाहेरून कडी लावून. तसं एक वर्ष काढलंय आम्ही. त्या वर्षात पोर बोलायचीच बंद झाली होती.

"मॅडम, तिला यातलं काही कळत नाही," मी म्हणाले. "मी नुसती पोपटपंची करून घेतलीय."

"अहो, सगळेच आईबाप शिकवतात. आणि तिच्यासमोर असं काय बोलता?"

"घंटा झाली की ती पळते. ते विचारा ना."

"तो प्रश्न कागदावर नाही, ताई."

"मग हेच उलटे विचारा. शेवटून सुरू करा. पाया पडते तुमच्या."

मॅडमना ते आवडलं नाही, पण त्यांनी विचारलं, "रस्ता कसा ओलांडायचा?"

भिंगरीनं ताठ बसून स्वतःचं नाव सांगितलं.

"या घड्याळात किती वाजले?"

"बारा वर्षं."

मॅडम आधीचं लिहिलेलं खोडू लागल्या. भिंगरीचं लक्ष त्या पेनकडे गेलं. काहीतरी बिनसतंय एवढं तिला समजलं असावं, कारण ती आवाज चढवून सगळी उत्तरं पहिल्यापासून म्हणू लागली, माझी बाही ओढत, माझ्या तोंडाकडे बघत. एकही चुकलं नाही.

"बघा! सांगितलं नव्हतं मी?" मी जवळजवळ ओरडलेच. माझ्या आवाजात आनंद होता. सांगायला लाज वाटते, पण होता.

चोवीस ओळी खोडून झाल्या. मग मॅडमनी कागद उलटला. "हा एक रकाना पालकांसाठी. मुलीला काय चांगलं जमतं? विचार करून सांगा हं. इथे काही लिहिलं तर वरिष्ठ सगळं पुन्हा तपासतात."

काय जमतं? दोऱ्यांच्या खणात साठ रिळं असतात. कुठलंही कापड हातात द्या, त्याला मिळता दोरा ती एका नजरेत काढून देते. माझे डोळे आता अधू झालेत, गेलं वर्षभर दुकान तिच्या नजरेवर चाललंय. गिऱ्हाइकांना वाटतं, मीच निवडते.

"काही नाही," मी म्हणाले. "लिहा, काही जमत नाही."

भिंगरीनं माझी बाही सोडली.

"येतं," ती म्हणाली. हळू, माझ्याकडे न बघता. "मला येतं, आई."

मॅडमचं पेन थांबलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. हे वाक्य चोवीस उत्तरांत कुठेच नव्हतं. बारा वर्षांत ती पहिल्यांदाच स्वतःच्या मनचं पुरं वाक्य बोलली होती.

"हेही मीच शिकवलंय," मी म्हणाले.

मॅडमनी मान हलवली आणि 'काही नाही' असं लिहून कागद सहीसाठी माझ्यापुढे सरकवला.