नाक वर केलेली गाडी

शोरूमच्या काचेआड उभ्या असलेल्या हिरव्या गाडीत इंजिन नव्हतं, आणि ही गोष्ट फक्त दोघांना ठाऊक होती: शोरूमचे मालक दादा आणि त्यांचा मिस्त्री. बाहेरून मात्र ती रोज अशी पुसली जायची की तिच्या दारात बघून खुशाल भांग पाडावा.

झालं होतं असं. गाड्या बनवणारी कंपनी डबघाईला आली होती. आधी नवी मॉडेलं यायची थांबली, मग सुटे भाग थांबले. पण गावातल्या गाड्यांना हे कोण सांगणार? त्या आपल्या नेमक्या अडचणीच्या वेळी बंद पडायच्या. पाववाल्याची गाडी अडली तेव्हा दादांनी काचेआडच्या गाडीचा डायनॅमो काढून दिला. "माल आला की परत बसवू," ते मिस्त्रीला म्हणाले. मग पंप गेला, कार्बोरेटर गेला, आणि दवाखान्याची गाडी ऐन धावपळीत बसली तेव्हा अख्खं इंजिनच गेलं. माल काही आला नाही.

हे ताईला सांगायचं राहून गेलं. ताई म्हणजे दादांची धाकटी बहीण. वर्तमानपत्रातल्या शोरूमच्या जाहिराती तीच लिहायची. राहून गेलं, हे आपलं दादांचं म्हणणं. खरं तर ते घाबरत होते. ताईच्या जाहिरातींवर गावाचा विश्वास होता, कारण ताईचा दादांवर होता. गाडी नेहमी ढकलतच का हलवता, असं तिने विचारलं की दादा म्हणायचे, "नव्या गाडीला उगाच सुरू करून दमवू नये." ती बिचारी हेही खरं मानायची.

कंपनी बुडणार अशी कुजबुज वाढली, तशी ताईने कंबर कसली. कुणाला न विचारता हिरव्या गाडीचं छायाचित्र काढून घेतलं. इंजिनाचं ओझं गेल्यामुळे गाडी पुढून चांगलीच उचलली गेली होती. ताईला ते फार आवडलं. तिने मथळा दिला, 'बाकीच्या माना टाकतात, ही नाक वर करून उभी आहे', आणि खाली लिहिलं, 'किल्ली फिरवा आणि निघा'. दादांनी ते सकाळी पेपरात वाचलं आणि तोंडातला घास तोंडातच राहिला.

शोरूम उघडून जरा वेळ होतो न होतो तोच दातांचे डॉक्टर हजर.

"माझी गाडी तुमच्यामुळे चालतेय," ते दादांना म्हणाले. "आता बायकोसाठी एक हवीय. हीच. जरा फिरवून बघू?"

मिस्त्री दादांच्या कानाशी लागला. "बॅटरी उतरलीय म्हणा."

दादा तेच म्हणणार होते. तेवढ्यात ताई किल्ली घेऊन आली. "फिरवा की, डॉक्टर. आणि काही विचारायचं असेल तर दादाला विचारा. तो खोटं सांगायचा नाही."

दादांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि बॉनेट उघडलं.

डॉक्टर सवयीने वाकून आत बघू लागले. "अहो, तुम्ही तर सगळी बत्तीशीच काढलीत."

मग दादांनी सगळं सांगून टाकलं. "तुमचा कार्बोरेटरही इथलाच, डॉक्टर. जाहिरात खोटी निघाली. पण ती चूक माझी, ताईला यातलं काही माहीत नव्हतं."

डॉक्टरांनी त्या पोकळीतून मान वर काढली. "माझी पुन्हा बिघडली तर?"

"मिस्त्री आहे. भाग मिळाला नाही तर घडवू. जमेल तोवर चालवू."

"मग मला जुनीच पुरे," डॉक्टर म्हणाले. "फक्त बायकोची समजूत तुम्ही येऊन घाला."

ते गेल्यावर ताई गाडीच्या पायरीवर बसली. "मला सांगायला काय झालं होतं?"

"तू मला खोटारडा म्हणाली असतीस."

"म्हटलंच असतं. आणि मग नीट जाहिरात लिहिली असती." तिने पेन्सिल काढली. बॉनेट लावायला निघालेल्या मिस्त्रीला तिने हातानेच थांबवलं आणि फोटोवाल्याला पुन्हा बोलावणं धाडलं.

नव्या जाहिरातीत गाडीचं बॉनेट सताड उघडं होतं. खाली लिहिलं होतं: 'ही गाडी विकायची नाही. कंपनीकडून भाग येईनात, म्हणून हिचे भाग तुमच्या गाड्यांना बसवले. नवी गाडी आता आमच्याकडे मिळणार नाही. जुनी बंद पडली तर या.'

आता आपली शोभा होणार, असं धरूनच दादा ती छापून आली त्या दिवशी दुकानात आले. दारात माणसं उभी होती. पाववाला मुलीला घेऊन आला होता. त्याने तिला उचलून धरलं आणि बॉनेटच्या आत, जिथे काहीच नव्हतं तिथे बोट दाखवलं.

"ते बघ," तो म्हणाला, "ते आपलं."

दादा आत जाऊन खुर्चीत बसले. किती दिवसांनी त्यांना नीट श्वास घेता आला. संध्याकाळी मिस्त्री बॉनेट लावायला गेला, तेव्हा ते आतूनच म्हणाले, "राहू दे उघडंच."