काटेवाल्यांची प्रामाणिक लघवी

डायलिसिस विभागातल्या मोठ्या सिस्टर पेशंटला "कसं वाटतंय?" असं कधी विचारत नसत. त्या प्रश्नाला माणसं तोंडाला येईल ते सांगतात. त्या विचारायच्या, "काल लघवी किती झाली?" आणि आकडा वहीत उतरवायच्या. नवे पेशंट लाजायचे. महिन्याभरात तेच पेशंट शेजारच्या खाटेला आपला आकडा ऐकवून मिशीला पीळ भरायचे.

त्यात सगळ्यात जास्त भाव खायचे ते काटेवाले काका. ट्रकच्या वजनकाट्यावर सत्तावीस वर्षं बसलेला माणूस. मशीनवर येऊन दीड वर्ष झालं, तरी दिवसाला सहाशे-साडेसहाशे मिली लघवी व्हायची, म्हणून त्यांचं आठवड्याला दोनदा भागायचं. बाकीचे तीनदा येत. काट्याच्या मालकाने आठवड्याला दोन दिवसांची सुट्टी कबूल केली होती, आणि तिसरा दिवस लागला तर खुर्चीवर दुसरा माणूस बसेल, हेही हसत हसत सांगून ठेवलं होतं. घरी बसलेले काका कसे असतील, या विचाराने काकूंचीच झोप उडायची.

दर तीन महिन्यांनी चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये जमवून आणायची असे. या खेपेला काकांचा कॅन फारच हलका होता. दोनशे साठ.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण कळकळीचे होते. "काका, किडनी दमली. पुढच्या आठवड्यापासून तीनदा यावं लागेल."

काकांनी मान डोलावली. काकू भिंतीकडे बघत राहिल्या.

"साहेब, चार दिवस थांबा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "गेल्या आठवड्यापर्यंत साडेसहाशे होती. एवढी एकदम नाही जात." डॉक्टर "बरं, चार दिवस" म्हणून पुढच्या खाटेकडे गेले.

तास-दीड तासाने मशीनवर काकांचं प्रेशर पडलं, पोटऱ्यांत गोळे आले. नेहमी दीड किलो पाणी काढावं लागे, आज तीन किलो होतं. काका सावरल्यावर सिस्टरनी चौकशी सुरू केली. ताप? नाही. जुलाब? नाही. अंगदुखीची एखादी गोळी? छे. मग त्यांनी काकूंकडून औषधांची पिशवी मागवली आणि लघवीच्या गोळीची पट्टी उजेडात धरली. हिशोबाने तीन उरायला हव्या होत्या. सात होत्या.

"काकू, ही गोळी कुणी बंद केली?"

"मला काय माहीत, बाई? त्यांच्या डब्याला मला हात लावू देतात का?"

सुया टोचलेल्या माणसाला उठून जाता येत नाही. काका छताकडे बघत म्हणाले, "मीच थांबवली. चार दिवस झाले."

"का?"

"किडनीचं माप घ्यायचं ना? मग किडनीचंच घ्यावं. गोळीने झालेली त्यात धरायची म्हणजे ट्रक काट्यावर असताना बाजूने पाय ठेवण्यासारखं. सत्तावीस वर्षांत मी कुणाला पाय ठेवू दिला नाही."

"ऐका," काकू म्हणाल्या. "चहात साखर किती घालू ते मला विचारतात. आणि हे उद्योग एकट्याने."

सिस्टर हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्या स्टूल ओढून बसल्या. त्यांना बसलेलं विभागात फारसं कुणी पाहिलं नव्हतं.

"काका, तुम्ही टाकीतलं डिझेल काढलंत आणि ट्रक चालत नाही असा दाखला घेऊन आलात."

काकांनी छतावरची नजर खाली आणली.

"गोळी लघवी तयार करत नाही. किडनी जे पाणी आणि मीठ परत आत ओढून घेते, ते बाहेर सोडायला लावते. काम किडनीचंच. मेलेल्या किडनीला गोळ्यांचं पोतं दिलंत तरी थेंब येणार नाही. आणि ते पाणी आत राहिलं की मशीनला ओढावं लागतं. मघाशी काय झालं ते बघितलंत. असं वारंवार प्रेशर पडलं तर उरलेली किडनीही खरोखर जाईल. अगदी प्रामाणिकपणे घालवाल."

मग काका म्हणाले, "म्हणजे पाय ठेवणं नाही हे?"

"नाही."

"तरी कागदावर लिहा. गोळी चालू असताना, असं."

"लिहिते. ठळक."

त्याच दिवसापासून गोळी सुरू झाली. चार दिवसांनी काका कॅन छातीशी धरून आले. पाचशे नव्वद. डॉक्टरांनी कागद वाचला, ठळक ओळ वाचली, सिस्टरांकडे बघितलं. "दोनदाच राहू दे. आणि सिस्टर, मोजणीच्या दिवशीही गोळ्या नेहमीसारख्या घ्यायच्या, हे मी कुणालाच सांगत नव्हतो."

"मीही नव्हते," सिस्टर म्हणाल्या, आणि लगेच उठून उरलेल्या खाटांकडे निघाल्या. आणखी दोघांनी तोच प्रामाणिकपणा केल्याचं कबूल केलं.

पुढच्या आठवड्यात काकूंचा फोन आला. "सिस्टर, गोळी घेतात. पण काट्यापासून मोरी लांब. हे गेले की काटा बंद, ट्रकची रांग लागते, ड्रायव्हर हॉर्न वाजवतात. मालक कुरकुरतोय."

"किती वेळा जातात?"

"पाच-सहा."

सिस्टरनी आकडा वहीत लिहिला. "वाजवू देत," त्या म्हणाल्या.