टपाला घातलेलं कव्हर

मित्रांनो, तुम्ही गाडी बघता तेव्हा चाकं बघता, दिवे बघता, फार तर वाकून आतल्या गाद्या बघता. वर कुणाचं लक्ष जात नाही. म्हणून माझी ओळख मीच करून देतो. मी एका जुन्या गाडीचा टप आहे. वय विचारू नका, मोजायचाही कंटाळा आला आहे.

कारखान्यात पत्र्याचा एक सपाट तुकडा यंत्राखाली सरकवला, वरून दणका बसला आणि मी जन्माला आलो. मग पांढरा रंग चढला, त्यावर चकाकीचा पातळ थर, आणि त्यानंतर जन्मभर ऊन खाणं. सगळ्या गाडीला माझी सावली, मला मात्र कुणाचीच नाही. तक्रार करत नाही, नुसतं सांगतो.

माझे मालक पुस्तकं बांधायचे. त्यांना सगळे बाइंडर म्हणत. माझ्यावरच्या लोखंडी कॅरिअरवर कागदांचे गठ्ठे लादून ते ग्रंथालयांत, शाळांत, वकिलांकडे जात. फाटकी पुस्तकं आणायची आणि धडधाकट करून परत द्यायची, हा त्यांचा उद्योग. तेव्हा माझीही चैन होती. सुट्टीच्या दिवशी ते मऊ फडक्याने मला पुसत आणि म्हणत, "आधी टप, मग बाकीचं. पाणी वरून खाली येतं."

पुढे त्यांचे हात थरथरू लागले. आधी चहा सांडला, मग सुई बोटात गेली, मग एका जाड कायद्याच्या पुस्तकाचं पाठीचं कापड तिरकं चिकटलं. ते कापड त्यांनी तीनदा सोडवून लावलं आणि चौथ्यांदा दुकानालाच कुलूप लावलं. कॅरिअर काढून टाकला. त्यानंतर मला कुणी पुसलं नाही. वर झाड होतं. पक्ष्यांनी माझ्याबद्दल काय समज करून घेतला ते सांगण्यासारखं नाही. उन्हाने चकाकीचे पापुद्रे सुटले आणि मी खरूज झाल्यासारखा दिसू लागलो.

बाइंडरांची लेक नर्स आहे. ती मायेची आहे, पण तिच्या तोंडात एक वाक्य बसलं होतं : "ठेवा बाबा, मी करते." कप उचलला की ठेवा बाबा. शर्टाचं बटण लावायला घेतलं की ठेवा बाबा. रोज दुसऱ्यांची सेवा करणाऱ्या बाईला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. एकदा माझ्याशेजारी उभे राहून बाइंडर स्वतःशीच म्हणाले, "हाताला आता टीव्हीचा रिमोट तेवढा उरलाय." त्यांचा आवाज मला चांगला माहीत आहे. त्या दिवशी तो माझ्यापेक्षाही दमलेला होता.

लेक कामावर जायला माझीच गाडी वापरायची. माझी दशा बघून तिने काळ्या व्हिनाइलची गुंडाळी मागवली. हे चिकटणारं प्लॅस्टिक टपावर ताणून बसवायचं. दुकानात देऊ, ती म्हणाली. बाइंडर ताडकन उठले. "अगं, चाळीस वर्षं कव्हरं घातली मी. टप म्हणजे काय, मोठं पुस्तकच की!"

खरं सांगतो, मला नवं कव्हर नको होतं. मला नुसतं पडून राहायचं होतं. पण माझं कोण ऐकतं?

सुट्टीच्या सकाळी दोघांनी मला साबणाने धुतलं, पापुद्रे पॉलिशपेपरने घासून काढले, स्पिरिटने पुसलं. लेक मागचा कागद सोलत गेली आणि बाइंडर पुस्तकाच्या घड्या घोटायच्या लाकडी पट्टीला फडकं गुंडाळून मधून कडेकडे हवा काढत गेले. निम्म्याच्या पुढे सगळं झकास झालं. मग मागच्या डाव्या कोपऱ्याशी त्यांचा हात थरथरला आणि एक लांब सुरकुती पडली.

"ठेवा बाबा, मी करते."

त्यांनी पट्टी माझ्यावर ठेवली आणि ते घरात गेले. लेकीने एकटीने खूप ओढलं. पण एकाने ताणून धरायचं आणि दुसऱ्याने बसवायचं, असं हे काम. एका सुरकुतीच्या चार झाल्या. कंटाळून तीही जेवायला गेली आणि तिथेच आडवी झाली.

दुपारी बाइंडर एकटेच बाहेर आले. चिकटवलेल्या गोष्टीला सुरकुती पडली की त्यांच्या धंद्यात एकच उपाय : वजन. पुस्तकं दाबायची दोन लोखंडी वजनं त्यांनी पोटाशी धरून आणली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माझ्या कोपऱ्यावर ठेवली. मित्रांनो, पुस्तकाखाली टेबल असतं. माझ्याखाली पोकळी आहे. थोडा वेळ दम धरला, मग मी खचलो. चांगला ताटाएवढा खळगा पडला.

लेक उठून आली आणि ओरडली, "बाबा! अहो, हे काय केलंत?"

बाइंडरांनी वजनं उतरवली. खळग्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. "तुझंच बरोबर. यापुढे मी कशाला हात लावणार नाही," ते म्हणाले. हे ते रागाने म्हणाले असते तर मला चाललं असतं. त्यांनी ते मान्य करून टाकलं होतं. खळग्यापेक्षा मला तेच जास्त दुखलं.

लेक गाडीत शिरली आणि आतून मला वर ढकलू लागली. इथे ढकल, तिथे ढकल, मी काही उठेना. बाइंडर पायरीपर्यंत पोचले होते. तिने काच खाली केली.

"बाबा, मला आतून काही दिसत नाहीये. तुम्ही सांगितल्याशिवाय जमणार नाही."

ते थांबले. मग परत आले. कव्हराखाली कुठे पोकळ राहिलंय ते बघायला पुस्तकावर टिचकी मारत, तशी त्यांनी माझ्यावर मारली. "इथे. नाही, जरा मागे. हं, तिथे पूर्ण तळवा लाव. एकदम नको, हळू." वरून त्यांचा हात, खालून तिचा, आणि मध्ये मी. टक् असा आवाज झाला आणि मी उठलो. मला उठायची इच्छा होती म्हणून, असंही समजायला हरकत नाही.

"आता तुझं केस वाळवायचं मशीन आण," बाइंडर म्हणाले. "आणि ओढू नकोस. आधी पूर्ण उचलायचं, मग नव्याने बसवायचं." तिने गरम वारा दिला, प्लॅस्टिक मऊ पडलं, सुरकुत्या गेल्या. शेवटी कडा कापायची वेळ आली. ब्लेड लेकीच्या हातात होतं. ती क्षणभर घुटमळली आणि तिने ते वडिलांपुढे धरलं. त्यांनी मनगट माझ्यावर टेकवलं. मी जमेल तेवढा घट्ट उभा राहिलो. कड सरळ कापली गेली.

त्याला आता वर्ष झालं. मी काळा, तुकतुकीत दिसतो. पण दीड-दोन महिन्यांनी मागचा डावा कोपरा सुटतो. लेक घरात जाऊन हाक मारते, "बाबा, कोपरा सुटलाय हो. मला नाही जमत." मग बाइंडर पट्टी घेऊन बाहेर येतात. कुरकुरत येतात, पण शर्टाची बटणं स्वतः लावून येतात.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तू पुसत जा, त्यांना सावलीत ठेवा. आणि घरातल्या जुन्या माणसांच्या हातातलं काम घाईने काढून घेऊ नका, एवढंच माझं मागणं आहे.

एक गोष्ट मात्र आपल्यातच राहू द्या. तो कोपरा आपोआप सुटत नाही. हाक मारण्याआधी लेक इकडेतिकडे बघते, माझ्याजवळ येते आणि नखाने तो हळूच उचकटते. तिथून पाणी शिरतं, मला त्रास होतो. या वयात मला हे झेपत नाही. पण ती आली की मी कोपरा जरा सैल सोडतो.